मोत्यात दिसणारी बाई

"घरबसल्या दागिने करून ऑनलाइन विकणाऱ्या बायकांवर लिही. जरा प्रेरणादायी होऊ दे," असं संपादकांनी सांगितलं होतं. प्रेरणादायी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तरी गेले. सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीतला तिसरा मजला. दार उघडणाऱ्या काकू डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या. कुर्ता पांढरा, सलवार पांढरी, केसांवर पांढरा रुमाल. माझा चेहरा बघून त्या हसल्या. "घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. मंगळवारी माझे फोटो असतात. रंगीत घातलं की मोती रंगतात."

या वाक्याचा अर्थ कळायला मला दोन तास लागले. प्रेरणेचं राहून गेलं. हा लेख त्या दोन तासांचा आहे.

खिडकीशी जुनं शिवणयंत्राचं टेबल, यंत्र काढून टाकलेलं. त्यावर मुखवासाच्या डब्या, प्रत्येकीत वेगळा मणी. बारीक काचेचे मणी जपानचे, हिरोशिमाकडचे. त्यांच्या आकड्यांचा हिशोब उलटा: आकडा वाढेल तसा मणी बारीक. अकरा नंबरचा साधारण दोन मिलिमीटर, पंधराचा दीड. पैलू पाडलेले काचमणी चेक देशातल्या याब्लोनेट्सचे. तांदळाच्या आकाराचे मोती चीनमधल्या गोड्या पाण्यातले. लाल-हिरवे खडे रविवार पेठेतून आणलेले, आणि तंगूस कोपऱ्यावरच्या दुकानातला. टेबल दोन बाय तीन फुटांचं, पण त्यावर अर्धं जग मांडलेलं.

इतिहास मी येताना वाचून आले होते, तो थोडक्यात सांगते. मण्यांचं वेड आपल्याकडे नवं नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातले मणी बघायला मिळतात. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नोंदवहीत लिहिलंय, की पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात. खंभातला अकीकाचे मणी आजही घडतात. मोती यायचे इराणच्या आखातातून. जुन्या घरांतल्या नथींच्या गप्पा निघाल्या की 'बसरा मोती' हा शब्द अजून दबक्या आवाजात उच्चारला जातो. 1893 साली जपानमध्ये मिकिमोतो कोकिची यांनी शिंपल्यात माणसाच्या हातानं मोती वाढवून दाखवला आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत आखातातल्या पाणबुड्यांचा धंदा बसला. त्यानंतर मोती राजेरजवाड्यांच्या पेटीतून निघाला आणि हळूहळू तुळशीबागेत आला.

काकूंना यातलं काही सांगावंसं वाटत नव्हतं. त्यांचा इतिहास एका पटवेकऱ्यापासून सुरू होतो. लग्नानंतर दर वर्ष-दीड वर्षानं त्या मंगळसूत्र गाठवून घ्यायला पेठेत जायच्या. पटवेकरी गादीवर बसायचा, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून काळी पोत ओवायचा. "बायका तेवढ्या वेळात भाजी घेऊन यायच्या. मी उभी राहून बघायचे. सोन्यावरून नजर हलवू नये असं सासूबाईंनी बजावलं होतं. मी अंगठ्यावरून हलवली नाही." आता काकूंच्या दोऱ्याचं टोक टेबलाच्या खणाच्या मुठीला अडकतं. गुडघे दुखतात, अंगठ्यापर्यंत हात पोचत नाही.

त्या करतात तन्मणी, चिंचपेटी, कुड्या. पण ऑर्डर येते मुख्यतः नथींची. माझ्यासमोर एक केली. जाडसर पितळी तार वाकवून आधी सांगाडा. मग केसाहून थोडी जाड अशी सोनेरी तार. तिच्यात एक मोती ओवायचा, सांगाड्याला दोन वेढे द्यायचे, पुढचा मोती. वेढा सैल पडला तर मोती हलतो, फार ओढला तर तार तुटते, आणि कुठे थांबायचं ते बोटाच्या पेराला कळतं, डोळ्यांना नाही. मधल्या लाल खड्याभोवती मोती लावताना काकू श्वास रोखतात. शेवटचं टोक कापून मागच्या बाजूला दाबून टाकायचं, नाहीतर गालाला टोचतं. नथ पन्नास मिनिटांत झाली. मी घड्याळ बघितलं, कारण मला वाटलं काम संपलं.

"आता खरं काम," काकू म्हणाल्या आणि थर्मोकोलचा खोका काढला.

त्यांनी आधी मला खोक्याशिवाय फोटो काढायला लावला. मी मोबाईल जवळ नेला, फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला. नथीला अकरा मोती होते आणि अकराही मोत्यांत मी होते. निळ्या कुर्त्यातली, बुटकी, पोट पुढे आलेली, हातात फोन धरलेली बाई. मागे खिडकी, खिडकीला जाळी, जाळीत तुळस.

मोती म्हणजे गोल आरसा. सपाट आरशात समोरचंच दिसतं. गोळ्यात जवळजवळ सगळी खोली मावते. फोटो काढणारा माणूस त्यातून सुटू शकत नाही, कारण मोती दिसायला हवा तर मोत्यासमोर उभं राहायलाच हवं. लांब जावं तर मोबाईलला बारकावे मिळत नाहीत. जवळ जावं तर स्वतःचीच सावली पडते. म्हणून मंगळवारचा पांढरा पोशाख. प्रतिबिंब घालवता येत नाही. मोत्यात काय दिसावं एवढंच आपल्या हातात.

खोका आंब्याच्या पेटीएवढा, तीन बाजूंनी थर्मोकोल, वर ट्रेसिंग पेपर, समोरच्या पुठ्ठ्याला भिंगापुरतं भोक. नथ आत ठेवली, फोटो काढला. मी नाहीशी झाले. खिडकीही गेली, तुळसही. आणि मोत्यांच्या झाल्या डांबरगोळ्या. पांढऱ्या, बिनचूक, मेलेल्या.

इथे मला या धंद्यातली मेख कळली. मोत्याचं पाणी जोखणारा व्यापारी मोत्याला उजेडात धरतो आणि त्यात दिव्याचं प्रतिबिंब किती रेखीव दिसतं ते पाहतो. कड स्पष्ट असेल तर मोती उत्तम, पुसट असेल तर हलका. शिंपल्यातला जीव एकावर एक पापुद्रे चढवत जातो. एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास. ते जितके एकसारखे बसतील तितका तो आरसा स्वच्छ. म्हणजे जे प्रतिबिंब फोटोतून पुसायला काकू धडपडतात, तेच मोती चांगला असल्याचा पुरावा. बाई दिसली तर फोटो खराब, पुसली तर मोती खराब दिसतो.

काकूंचा तोडगा म्हणजे काळा कंगवा. खोक्याच्या आत डाव्या बाजूला त्या तो उभा टेकवतात. प्रत्येक मोत्याच्या कडेला एक बारीक काळी रेघ उमटते आणि डांबरगोळीला एकदम गोलाई येते, पाणी येतं. कंगवा बोटभर पुढे आला की मोती मळका दिसतो; बोटभर मागे गेला की पुन्हा गोळी. पाऊण तास आम्ही तो कंगवा सरकवत होतो. मोठमोठ्या स्टुडिओत चकचकीत वस्तूंचे फोटो काढताना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावतात, ते याचसाठी. काकूंना हे कुणी शिकवलं नव्हतं. एकदा केस विंचरून कंगवा चुकून खोक्यात राहिला होता, एवढंच.

उजेडाचेही त्यांचे नियम आहेत. ट्यूब लावायची नाही. मोती हिरवट पडतो. पिवळा दिवा नाही. सगळंच जुनं वाटतं. थेट ऊन नाही. सकाळी दहा ते साडेअकरा, खिडकीतून वळून आलेला उजेड, आणि फोनच्या पडद्यावर मोत्याला बोट लावून उजेड थोडा खाली ओढायचा, नाहीतर फोन आपल्या हुशारीनं सगळं उजळून टाकतो. सगळ्यात चांगला हंगाम आषाढ-श्रावणाचा. आभाळ भरून आलं की अख्खं आकाशच ट्रेसिंग पेपर होतं. पण त्याच दिवसांत हवेच्या ओलीनं पितळ काळवंडतं. म्हणजे फोटो छान आणि माल खराब. दिवाळीत उलट.

लाल खडा हे आणखी एक दुखणं. मोबाईलला लाल रंग झेपत नाही. खड्याचे पैलू बुजून कुंकवाचा ठिपका दिसतो. उजेड कमी करावा तर मोती काळे. शेवटी काकू जरा फिक्या लालचा खडा लावायला लागल्या. "फोटोत बरोबर दिसतो."

हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्यापुढे काही लिहिता येईना.

कारण फोटोसाठी खडा बदलला, तसं इतरही बदलत चाललंय. पूर्वीची चिंचपेटी गळ्याच्या गोलाईवर बसेल अशी लवचिक असायची. आता सपाट ठेवून वरून फोटो काढायचा म्हणून ती जरा ताठ होते. नथीचे मोती मोठे होत चाललेत, कारण बोटभर रुंदीच्या पडद्यावर बारीक काम दिसत नाही. अकरा नंबरच्या मण्यांची नाजूक वीण ज्या कुड्यांवर आहे, त्यांना कुणी विचारत नाही. फोटोत ती नुसती खरखरीत दिसते. नथीचा तोल साधला आहे की नाही, ती नाकावर ओघळते का, दाबाची नथ तासाभरानं दुखते का, यातलं फोटोत काहीच येत नाही. काकू आता प्रत्येक फोटोखाली वजन ग्रॅममध्ये लिहितात. गिऱ्हाईक तरीही विचारतं, "जड आहे का हो?" ग्रॅम वाचून नाकाला काही कळत नाही.

आकाराचा गोंधळ तर कायमचा. जवळून काढलेली नथ पडद्यावर तळहाताएवढी होते. पार्सल उघडलं की, "एवढीशी?" म्हणून नथीशेजारी रुपयाचं नाणं ठेवून एक फोटो असतो. तो सगळ्यात कुरूप फोटो, आणि काकूंच्या मते सगळ्यात खरा.

काचेचा मोती, प्लास्टिकचा मोती आणि गोड्या पाण्यातला मोती चांगल्या फोटोत सारखेच दिसतात. हातात घेतला तर प्लास्टिक हलकं लागतं, काच गार लागते. दातावर हलकेच घासला तर खरा मोती किंचित कचकचतो, नकली गुळगुळीत सरकतो. पडद्याला दात लावता येत नाहीत. काकू स्वच्छ लिहितात: "काचेचे मोती, अत्तर मारून मग घालू नये, वरचा थर निघतो." त्यांच्याहून स्वस्तात विकणारे "ओरिजिनल पर्ल" एवढंच लिहितात, आणि खपतं.

हिशोब मी मुद्दाम विचारला. त्या नथीचं सामान शंभर-सव्वाशेचं. विक्री साडेचारशेला. करायला पन्नास मिनिटं, फोटोला त्याहून जास्त. मग उत्तरं: "प्राइस?", "कमी होईल का?", "गव्हाळ रंगावर कसं दिसेल?" मग डबी, बबल रॅप, कुरिअर. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट पाठवणारी एक निघाली, तेव्हापासून बँकेचा मेसेज आल्याशिवाय पार्सल हलत नाही. तासाला किती पडतात हे मी वहीत काढलं. काकूंनी वही बंद केली. "ते काढू नये. काढलं की हात थांबतो."

आणि चोरी. दोन वर्षांपूर्वी भाचीनं त्यांना एक पेज दाखवलं. काकूंचीच नथ, काकूंचाच फोटो, किंमत निम्मी. तक्रार केली तर समोरून उत्तर: फोटो तुमचा कशावरून? नाव कापून टाकलेलं होतं. काकूंनी फोटो मोठा केला. तो खोक्याच्या आधीच्या काळातला. प्रत्येक मोत्यात एक पांढरट बाई, मागे खिडकी, खिडकीची जाळी, तुळशीची कुंडी. त्यांनी त्याच खिडकीचा फोटो काढून शेजारी जोडला आणि पाठवला. संध्याकाळपर्यंत ते चित्र उतरलं.

"खोक्यातल्या फोटोंत मी नसते," त्या म्हणाल्या. "तो चोरला तर काय दाखवू? कंगवा?" म्हणून हल्ली त्या शेवटचा एक फोटो खोक्याबाहेर काढतात. तो कुठे टाकत नाहीत, नुसता ठेवून देतात.

निघताना मी विचारलं, पटवेकऱ्याची आठवण येते का? मला वाटलं हळवं काहीतरी बोलतील. त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. आत त्यांचीच नथ, तीन वर्षं वापरून तुटलेली, नाशिकहून परत आलेली. दुरुस्तीला. अशी परत येणारी ही पहिलीच. "पटवेकऱ्याकडे तेच मंगळसूत्र वर्षानं परत यायचं. दोरा कुठे झिजला, कुठला मणी दोऱ्याला कापतो, त्याला दिसायचं. माझा माल जातो तो जातोच. तुटला तर फेकून देतात, नवीन घेतात. माझं चुकतं कुठे ते मला कोण सांगणार?"

आम्ही ती भिंगाखाली धरली. काकूंना वाटलं होतं आकडा सैल झाला असेल. आकडा ठणठणीत होता. तार तुटली होती पहिल्याच वेढ्याशी, जिथे वळवताना पक्कडीच्या दातांचा ओरखडा पडला होता. तीन वर्षं ती तिथेच किंचित हलत राहिली असणार. काकूंनी बराच वेळ ते टोक न्याहाळलं. मग चिकटपट्टी घेतली, पक्कडीच्या दोन्ही दातांना गुंडाळली आणि दुसरी तार वळवून पाहिली. ओरखडा नाही.

"म्हणजे आता सगळ्या नथींचे फोटो नव्यानं काढणार?" मी विचारलं.

"कशाला? फोटोत काय फरक दिसणार आहे?" त्या म्हणाल्या आणि पुढची तार कापायला घेतली.