बाहेरची बाधा नव्हे, मेंदूचा दाह

परवापर्यंत हसतंखेळतं मूल अचानक चिडचिडं होतं, रात्र रात्र जागतं. मग बोलणं तुटतं, झटके येतात, तोंडाचे विचित्र चाळे थांबत नाहीत. घरचे दृष्ट काढतात. कधी डॉक्टरांनाही तो मानसिक आजार वाटतो. त्यात एमआरआय पुष्कळदा नॉर्मल!

हा अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो उलगडला. रोगजंतूंशी लढायची प्रतिपिंडं मेंदूच्या पेशींवरच्या, संदेश झेलणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरांनाच चिकटतात. मग ते रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात आणि संदेश अडतात. पेशी सहसा मरत नाहीत, म्हणूनच मूल सावरू शकतं. तरुणींमध्ये यामागे अनेकदा अंडाशयातली गाठ असते, लहान मुलांत क्वचितच. कधी हर्पिसच्या मेंदूज्वरानंतर काही आठवड्यांनी हे उद्भवतं. (बर्लिनचं लाडकं ध्रुवीय अस्वल क्नूट २०११ मध्ये झटका येऊन बुडालं, त्यामागेही हाच आजार निघाला.)

खरं निदान होतं पाठीच्या कण्यातल्या पाण्याच्या तपासणीतून. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं, नाहीतर रिटुक्सिमॅब हे औषध असे उपचार आहेत. सावरायला महिने लागतात. वागणं एकाएकी बदललं आणि सोबत झटके आले, तर अंगारे-धुपारे बाजूला ठेवून थेट मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञाला गाठा.