फुरशाच्या विषातून उलगडलेलं रक्त

फुरसं चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागतं, लघवी लाल होते, सुई टोचलेली जागा तासन्‌तास झिरपत राहते. कोकणात हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कबिनी नदीच्या खोऱ्यात, बंडीपूर-नागरहोळेच्या जंगलांजवळ वसलेल्या म्हैसूर जिल्ह्यातल्या सरगूरलाही ही लक्षणं अनोळखी नाहीत. तिकडे त्यांच्यामागे बहुधा घोणस असते. कानडीत तिला कोळकु मंडल म्हणतात. कापसाच्या, नाचणीच्या शेतात अनवाणी वावरणारी माणसं आणि जंगलातून उठवलेले जेनु कुरुबा आदिवासी यांच्या वाट्याला हा दंश येतो. रक्त गोठायचं थांबतं तेव्हा नेमकं काय बिघडतं, याच्या शोधाचा दीडशे वर्षांचा मागोवा घेताना एक गोष्ट मला फार टोचते. या दोन सापांच्या विषाने वैद्यकाला भरभरून दिलं, पण ज्यांना ते चावतात त्यांच्यापर्यंत त्यातलं थोडंच पोचलं.

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारकडे या प्रश्नाला एकच उत्तर होतं: मारलेल्या फुरशामागे इनाम. १८६२च्या डिसेंबरात इनामाची रक्कम वाढवली, तर आठ दिवसांत लाखाहून जास्त फुरशी जमा झाल्याची नोंद आहे. तेव्हा रक्तात प्लेटलेट नावाचं काही असतं आणि त्याला काही काम असतं, हेच कुणी दाखवलेलं नव्हतं.

ते दाखवलं इटलीतल्या तुरीनमध्ये जुलिओ बित्सोत्झेरो यांनी, १८८२च्या सुमारास. मृत रक्ताचा थेंब काचेवर पसरून बघण्याऐवजी त्यांनी गुंगी दिलेल्या जिवंत प्राण्यांच्या आतड्याच्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. वाहतं रक्त दिसत होतं. वाहिनीला इजा केली की तांबड्या आणि पांढऱ्या पेशींच्या आधी तिसरेच, रंगहीन, चिमुकले कण त्या जागी येऊन भिंतीला चिकटत. गाठ पडायची सुरुवात तिथून होई. रक्त गोठणं ही एकट्या रक्ताची करामत नसून रक्त आणि भिंत यांच्यातला व्यवहार आहे, हे इथे डोळ्यांनी दिसलं. मला हा प्रयोग या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्यात यंत्रापेक्षा बघण्याची चिकाटी मोठी होती.

पुढचं चित्र तुकड्यातुकड्याने भरत गेलं. १९२६ साली फिनलंडचे एरिक फॉन विलेब्रांड यांनी ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबातल्या रक्तस्रावाबद्दल लिहिलं. त्या माणसांच्या प्लेटलेट मोजणीत पुरेशा भरत, तरी रक्त थांबत नसे. उणीव होती ती प्लेटलेटना भिंतीशी जोडणाऱ्या एका प्रथिनाची, हे कळायला आणखी काही दशकं गेली. आज ते प्रथिन त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. भिंत फाटली की आतलं कोलॅजन उघडं पडतं, हे प्रथिन त्याला धरतं, वाहत्या रक्ताच्या ओढीने गुंडाळलेल्या दोऱ्यासारखं उलगडतं आणि पळणाऱ्या प्लेटलेटना अडवतं. अडलेल्या प्लेटलेट जाग्या होतात, आपल्यातली रसायनं सोडून आणखी प्लेटलेटना बोलावतात आणि फायब्रिनोजेनच्या दुव्याने एकमेकींना धरतात. त्यावर फायब्रिनचं जाळं बसतं. शाबूत भिंत मात्र त्यांना जवळ फिरकू देत नाही. त्यासाठी ती प्रोस्टासायक्लिन तयार करते, हे १९७६ साली जॉन व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडलं.

फुरशाचं विष या व्यवहाराच्या प्रत्येक टप्प्यावर घाव घालतं. त्यातली काही एन्झाइम बारीक वाहिन्यांच्या भिंतींचा आधार कुरतडतात. एकॅरिन नावाचं दुसरं एन्झाइम रक्ताला जागोजागी, विनाकारण गोठायला लावतं. त्यात फायब्रिनोजेन संपून जातं आणि खरी जखम उघडीच राहते. तिसरं एकिस्टॅटिन, हे एन्झाइम नव्हे, तर अवघ्या ४९ अमिनो आम्लांचं प्रथिन. प्लेटलेट ज्या जागी फायब्रिनोजेन धरतात, नेमकी तीच जागा ते अडवतं. १९८८ साली मर्क कंपनीच्या संशोधकांनी ते वेगळं काढलं. त्याच्या रचनेचा माग घेत टायरोफिबॅन हे औषध तयार झालं आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हृदयविकाराच्या झटक्यात, अँजिओप्लास्टीच्या टेबलावर, हृदयाच्या धमनीत प्लेटलेटची गाठ वाढू नये म्हणून ते शिरेतून देतात. घोणसेची कहाणी याहून जुनी. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी तिचं विष अतिशय पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त थांबवायला वापरलं. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईच्या रक्ततपासणीत आजही याच विषावर आधारलेली एक चाचणी असते.

दंश झालेल्या माणसाजवळ मात्र काय असतं? स्वच्छ, कोरडी काचेची नळी. शिरेतून दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय, प्रतिविष लगेच सुरू करायचं. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली नायजेरियातल्या फुरशाच्या जातभाईवर लिहिताना मांडलेली ही चाचणी छोट्या दवाखान्याला परवडते आणि मी तिला क्षुल्लक मानत नाही. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर मात्र ती फसवते. सहा तासांनी ती पुन्हा करतात, कारण विष निष्प्रभ झाल्यावर यकृताला नवं फायब्रिनोजेन बनवायला तेवढा वेळ लागतो.

डेंगीच्या साथींमुळे नातेवाईक हल्ली आधी प्लेटलेटच्या पिशव्यांची विचारणा करतात. त्यांची घालमेल मला समजते, पण रक्तात विष फिरत असताना चढवलेल्या प्लेटलेटही त्याच विषाच्या तावडीत सापडतात. आधी प्रतिविषच हवं.

म्हैसूर मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९८४ साली सुरू केलेल्या स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटचं हॉस्पिटल सरगूरमध्ये आहे, म्हणून तिथल्या माणसाला निदान गावात दार तरी आहे. २०२४ साली कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. मला हे पाऊल फार महत्त्वाचं वाटतं. पण देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिलंय. पश्चिम घाटातल्या उंच नाकाचा चापडा या सापाच्या विषावर तर हे प्रतिविष चालतच नाही, आणि त्याच्या दंशानेही रक्त गोठायचं थांबतं. प्रदेशानुसार प्रतिविष तयार करण्याला सरकारने आणि कंपन्यांनी आता पैसा द्यायला हवा. टायरोफिबॅनसाठी तो मिळाला होता.