वारशातला जुना ट्रॅक्टर : साल कसे ओळखावे?

आमचा धंदा कापडाचा. तरीही मध्यंतरी आम्हाला एका ट्रॅक्टरचे साल शोधत बसावे लागले. आमचे मामू अल्लाहला प्यारे झाले आणि शेतातल्या शेडमध्ये त्यांचा जुना फर्ग्युसन मागे राहिला. दोन मुलगे, तीन मुली, असे पाच वारस. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला होता. धाकट्याला ट्रॅक्टर दुरुस्त करून ठेवायचा होता, म्हणजे इतरांचे हिस्से त्याने चुकते करायला हवेत. पण वस्तू कोणती, कोणत्या सालची हेच ठाऊक नसेल तर हिस्सा कशाचा काढणार? किंमत ठरवायला आम्हाला मध्ये घातले.

रंग लाल, म्हणून गावचा मिस्त्री म्हणाला, "मॅसी ३५." आर.सी. बुकात साल १९५८. दोन्ही गोष्टींनी फसवले. बुकातली तारीख नोंदणीची होती, बनावटीची नव्हे. आणि रंग काय, कोणीही मारतो. ताग्याचा रंग पाहून आपण माल ओळखत नाही, काठावरचा मिलचा छाप पाहतो.

आम्ही आधी गिअर मोजले. ३५ ला पुढचे सहा व मागचे दोन असतात. मामूंच्या ट्रॅक्टरला पुढचे चार आणि मागचा एकच. म्हणजे हा त्याआधीचा टीई-२०. हॅरी फर्ग्युसन यांच्यासाठी स्टँडर्ड मोटर कंपनीने तो इंग्लंडात कोव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात बनवला. पाच लाखांहून अधिक नग निघाले, कारखान्यातून सगळे राखाडी रंगाचे.

खरा छाप स्टिअरिंगजवळच्या डॅशवरील पट्टीवर असतो. तिच्यावर रंगाचे थर चढलेले असतात. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात लावू नये, आकडे कायमचे जातात. कपडा थिनरमध्ये भिजवून हळूहळू पुसावे, मग वर कागद ठेवून पेन्सिल घासावी.

पट्टीवर आधी अक्षरे, मग आकडा. नुसते 'टीई' म्हणजे सुरुवातीचे अमेरिकन कॉन्टिनेंटल इंजिन, 'टीईए' म्हणजे स्टँडर्डचे पेट्रोल इंजिन. 'टीईडी' १९४९ पासूनचा. तो पेट्रोलवर सुरू करून रॉकेलसारख्या तेलावर चालवायचा. 'टीईएफ' म्हणजे डिझेल, १९५१ पासून. अक्षरे वेगळी असली तरी आकड्यांची मालिका एकच. १९५१ ची सुरुवात साधारण १ लाख ६८ हजारांपासून, १९५२ ची २ लाख ४१ हजारांपासून, १९५३ ची ३ लाख ११ हजारांपासून. शेवट ५ लाख १७ हजारांच्या पुढे. मामूंची पट्टी टीईडी, आकडा २ लाख ६० हजारांच्या घरातला. म्हणजे साल १९५२.

पट्टी टीईडीची आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन, असेही पुष्कळदा आढळते. तेव्हा इंजिन बदललेले आहे असे समजावे आणि भाव करताना ते बोलून दाखवावे. १९६५ नंतरच्या परदेशी फोर्डची रीत निराळी : तिथे पहिला अंक सालाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचे अक्षर, मग दिवस. त्यात महिन्यांसाठी 'आय' हे अक्षर वापरत नाहीत, म्हणून डिसेंबर 'एम'वर येतो. पहिला अंक ५ असेल तर १९६५ की १९७५, हे मॉडेलवरून ठरवावे लागते.

साल कळण्याआधीच धाकट्याने घाई केली होती. जुन्या बाजारातून "फर्ग्युसनचाच" म्हणून पिस्टन आणले, ते ८० मिलिमीटरचे निघाले. १९५१ च्या सुरुवातीपासून पेट्रोल आणि टीईडी इंजिनांचा बोअर ८५ झाला होता. पिस्टन लायनरमध्ये खुळखुळू लागले आणि दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. बोअर मोजून मगच माल घ्यायला हवा होता. मात्र जुने इंजिन मागाहून मोठे केलेले असू शकते, म्हणून नुसत्या बोअरवरून साल ठरवू नये.

भंगाराच्या भावाहून बरीच वरची किंमत धरून हिस्से दिले गेले. थोरल्या बहिणीने आपली रक्कम घेतली आणि अट घातली की पट्टीवर रंग लावायचा नाही. नवे पिस्टन बसले आहेत. कार्ब्युरेटरचे काम अजून बाकी आहे.