उजवे रेणू, डावे रेणू

मनुष्याचे दोन्ही हात दिसावयास सारखेच. परंतु उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. रसायनशास्त्रातील पुष्कळ रेणूंची स्थिती अशीच असते. अणू तेच, त्यांची संख्या तीच, जोडणीही तीच. तरी एक रेणू दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब असतो व दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. सामान्य रीतीने असे संयुग प्रयोगशाळेत तयार केले, की दोन्ही रूपे निम्मी निम्मी मिळतात. अशा समसमान मिश्रणास रॅसेमिक मिश्रण म्हणतात.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. शरीरातील प्रथिनांची घडण एकाच हाताची असल्यामुळे औषधाच्या दोन रूपांस ती वेगवेगळा प्रतिसाद देतात. हृदयाच्या ठोक्यांची गती कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल या औषधाचे वामवर्ती रूप दक्षिणवर्ती रूपाहून सुमारे शंभरपट प्रभावी आहे. अशा औषधांच्या घडणीत एपॉक्साइड वर्गातील संयुगे उपयोगी पडतात. म्हणून ती एकाच हाताची मिळविणे अगत्याचे ठरते.

एपॉक्साइडात कार्बनाचे दोन अणू व ऑक्सिजनाचा एक अणू मिळून त्रिकोणी कडे झालेले असते. कार्बनाचे बंध एरवी सुमारे १०९ अंशांचा कोन करून राहतात. येथे ते ६० अंशांच्या आसपास दाबले जातात. त्यामुळे हे कडे ताणलेल्या धनुष्याप्रमाणे असते व सहज उघडते. एपॉक्साइड हायड्रोलेज नावाचे एन्झाइम नेमके हेच करते. त्याच्या खोबणीतील टायरोसिनाचे दोन घटक ऑक्सिजनास धरतात, अ‍ॅस्पार्टिक अम्लाचा घटक एका कार्बनाशी जोडला जातो आणि शेवटी पाणी हा जोड सोडविते. कडे उघडून दोन हायड्रॉक्सिल गट असलेले डायॉल तयार होते. खोबणीत एक हात चांगला बसतो, दुसरा अडखळतो. म्हणून एक रूप भराभर नाहीसे होते व दुसरे शिल्लक राहते.

या युक्तीचे मूळ जुने आहे. लुई पाश्चर याने १८४८ साली टार्टारिक अम्लाच्या एका लवणाचे उजवे व डावे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले. दहा वर्षांनी, १८५८ साली, त्यास असे आढळले, की सूक्ष्मजीव त्या मिश्रणातील दक्षिणवर्ती रूप खाऊन टाकतात व वामवर्ती तसेच ठेवतात. चिमट्याचे काम जिवंत पेशींनी केले होते.

परंतु या पद्धतीत एक उणीव आहे. नको असलेला अर्धा भाग वेगळ्या द्रव्यात बदलून जातो. हवे ते एपॉक्साइड निम्म्याहून अधिक कधीच मिळू शकत नाही. फ्रान्समधील मार्सेल्स येथे रोलां फ्युर्स्तोस व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली स्टायरीन ऑक्साइडावर दोन बुरश्या वापरून पाहिल्या. अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी एक हात संपवून दुसरा ठेवी. बोव्हेरिया सल्फ्युरेसेन्स ही नेमकी उलट निवड करी. मागे उरलेल्या एपॉक्साइडाचे प्रमाण मात्र अनुक्रमे २३ व १९ टक्केच होते.

नवल पुढेच आहे. एक बुरशी कड्याच्या एका कार्बनाकडून व दुसरी दुसऱ्या कार्बनाकडून कडे उघडीत असल्यामुळे दोघींपासून मुख्यतः एकाच हाताचे डायॉल बनत होते. मग दोन्ही बुरश्या एकाच पात्रात घातल्या, तेव्हा सुमारे ९२ टक्के डायॉल हाती आले आणि त्यातील दर १०० रेणूंपैकी ९४ ते ९५ एकाच हाताचे होते. वाया जाणारा अर्धा भागही कामी आला.

प्रत्येक एपॉक्साइडास साजेसे एन्झाइम निसर्गात सापडतेच असे नाही. जर्मनीतील म्युलहाइम येथे मान्फ्रेड रेट्झ यांच्या गटाने अ‍ॅस्परजिलसच्या एन्झाइमात क्रमाक्रमाने फेरबदल केले व दर टप्प्यावर सरस नमुना निवडला. त्यामुळे फिनाइल ग्लिसिडिल ईथराच्या बाबतीत त्याची निवडशक्ती मूळच्या ४.६ वरून २००६ सालापर्यंत ११५ वर गेली. पाश्चरच्या सूक्ष्मजीवांनी जी निवड आपल्या स्वभावानुसार केली, ती आता मनुष्य आपल्या गरजेनुसार घडवू लागला आहे.