खिळ्यांवाचून उभी घरं

ऑस्लोच्या मध्यवस्तीतून 30 नंबरची बस बिग्डॉय द्वीपकल्पावर जाते. तिथल्या 'नॉर्स्क फोल्केम्युझियम'मध्ये नॉर्वेच्या कानाकोपऱ्यातून आणलेली सुमारे 160 जुनी बांधकामं आहेत. त्यातली खेड्यांतली बहुतेक लाकडाची. आमचं घर सुतारांचं, त्यामुळे माझी नजर दारं-खिडक्यांआधी सांध्यांवर गेली आणि पहिल्याच घराच्या कोपऱ्यापाशी मी बराच वेळ थांबले.

भिंत म्हणजे एकावर एक रचलेले आडवे ओंडके. कोपऱ्यात खाचा पाडून ते एकमेकांत अडकवलेले, टोकं थोडी बाहेर आलेली. वरच्या ओंडक्याच्या पोटाला लांबच्या लांब पन्हळ कोरलेली असते. ती खालच्याच्या पाठीवर बेतून बसवतात आणि मधे सुकं शेवाळ भरतात. लाकूड वाळतं, ओंडके आपल्याच भारानं खाली बसतात आणि शेवाळ आणखी दाबलं जातं. मी फटीत नख घालून पाहिलं, शिरेना. एवढी भिंत उभी आहे ती खाचांच्या आणि लाकडी खुंट्यांच्या जोरावर, लोखंडी खिळ्याचं काम नाही.

हे संग्रहालय होऊ शकलं तेच मुळी या सांध्यांमुळे. असं घर ओंडक्यांवर खुणा करून उतरवता येतं आणि दुसरीकडे त्याच क्रमानं उभं करता येतं. नॉर्वेतले शेतकरी पूर्वापार घरं अशी विकत, हलवत आले होते. राजा दुसरा ऑस्कर याच्यासाठी 1881पासून इथे जुनी बांधकामं आणायला सुरुवात झाली, ती याच रीतीवर. हान्स ऑल यांनी 1894मध्ये संग्रहालय स्थापन केलं आणि 1907मध्ये राजाचा संग्रह त्यात आला.

छपरावर चक्क गवत वाढतं. पण पाणी अडवते ती मातीखालची बर्च झाडाची साल. फळ्यांवर सालीचे थर, त्यावर गवताच्या ढेपा: खालच्या उलट्या, वरच्या सुलट्या. ढेपांच्या वजनानं साल जागेवर राहते. धान्याची कोठारं बुटक्या खांबांवर उचललेली; पायरी आणि दार यांच्यामध्ये मुद्दाम अंतर, उंदरांना उडी मारता येऊ नये म्हणून.

राउलांडस्तुआ हे घर तेराव्या शतकातलं. मधोमध चूल, धूर जायला छपरात भोक, खिडकी नाही. आत उभं राहिलं की धुराड्यानं माणसाला केवढं सुख दिलं ते कळतं. एका शेतघरात पारंपरिक पोशाखातल्या बाई तव्यावर लेफ्सा भाजत होत्या. लाटलेली पातळ पोळी लांब, चपट्या काठीनं उलटत होत्या. आमच्या आजीच्या पुरणपोळीच्या हाताची मला तिथे फार आठवण झाली.

गोल गावातलं लाकडी चर्च मात्र मनात प्रश्न ठेवून गेलं. बांधलेलं साधारण 1200च्या सुमारास. त्याचे खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडांवर टेकलेल्या तुळयांत बसवलेत. म्हणूनच बुडाशी कुजले नाहीत. गावाला मोठं चर्च हवं होतं, जुनं पाडायचं ठरलं होतं. राजानं खर्च केला आणि 1884-85मध्ये ते इथे उभं राहिलं. पण बाहेरचं पुष्कळसं रूप तेव्हा नव्यानं, बॉर्गुंडच्या चर्चवर बेतून केलेलं आहे. मला ते खटकलं. तरी आतल्या जुन्या खांबांवर हात ठेवल्यावर वाटलं, निम्मंअर्धं का होईना, वाचलं हे मोठंच झालं. गोलच्या लोकांनी पुढे गावात त्याची प्रतिकृती बांधली.

आपल्याकडे जुना वाडा उतरवतात तेव्हा खांब एकीकडे जातात, दारं दुसरीकडे विकली जातात. लाकूड उरतं, पण सांधा कसा केला होता हे सांगणारं काही उरत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

जायचं तर उन्हाळ्यात जा. हिवाळ्यात बरीच घरं आतून बंद असतात, आणि चूल पेटलेली पाहिल्याशिवाय ही घरं अर्धीच कळतात. अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा.