काचेतील प्रवाळ आणि दोन अदृश्य क्षार

हवाईतील ओआहू बेटाच्या कानेओहे उपसागरात एकेकाळी शहरी सांडपाणी सोडले जात असे. त्यातील नत्र आणि स्फुरद यांच्यावर एक हिरवे, फुग्यांसारखे दिसणारे शेवाळ फोफावले आणि त्याने प्रवाळांच्या वसाहती झाकून टाकल्या. १९७७-७८ मध्ये हे सांडपाणी खोल समुद्राकडे वळवण्यात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत शेवाळ ओसरू लागले व प्रवाळ सावरले. घरातील प्रवाळ मत्स्यालय म्हणजे अशाच उपसागराची छोटी प्रतिकृती होय. फरक एवढाच, की येथे सांडपाणी वळवायला खोल समुद्र नाही.

माशांना घातलेल्या अन्नातील प्रथिनांपासून अखेर अमोनिया तयार होतो. सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट माशांना विषारी असतात. त्या मानाने नायट्रेट सौम्य, पण ते साचत जाते. जेथे प्राणवायू पोहोचत नाही अशा जागी वेगळे सूक्ष्मजीव त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात व तो हवेत निघून जातो. फॉस्फेटला मात्र हवेची वाट उपलब्ध नाही. ते पाण्यात राहते, सजीवांच्या शरीरात जाते किंवा खडक-वाळूला चिकटते.

अति तेथे माती

नैसर्गिक प्रवाळ भित्तींवरील पाण्यात हे दोन्ही क्षार अत्यल्प असतात. नायट्रेट बहुधा लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी, तर फॉस्फेट ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देतात. पाण्यात नत्र वाढले की ही शैवाले बेसुमार वाढतात, प्रवाळाचा रंग तपकिरी होतो आणि यजमानाच्या वाट्याचे अन्न घटते. फॉस्फेट तर चुन्याच्या स्फटिकांच्या वाढीतच अडथळा आणते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील वन ट्री बेटाजवळ एका भित्तीला कित्येक महिने नत्र व फॉस्फेट देऊन पाहण्यात आले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथील सांगाडा घडण्याचा वेग निम्म्याहून अधिक घटला होता.

यावरून 'शून्य नायट्रेट, शून्य फॉस्फेट' हेच आदर्श, अशी समजूत अनेक वर्षे रूढ होती. ती फसवी ठरली. हे क्षार सजीवांचे अन्नही आहेत. २०१३ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा तुटवडा अशा स्थितीत प्रवाळ उष्णता व प्रकाशाच्या ताणाला लवकर बळी पडून पांढरे होतात. म्हणजे प्रमाणाइतकाच तोलही महत्त्वाचा. अनेक अनुभवी छांदिष्ट नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या मर्यादेत राखतात, आणि ते रोज वरखाली होणार नाही याची काळजी घेतात.

येणे किती, जाणे किती?

पहिला प्रश्न येणाऱ्या पाण्याचा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. माणसाला चालणारे हे पाणी प्रवाळाला चालत नाही. घरगुती आरओ यंत्र पुष्कळसे क्षार काढते, परंतु चवीसाठी काही मुद्दाम राखलेलेही असतात. म्हणून आरओनंतर क्षार पूर्णपणे शोषणारे रेझिन वापरावे लागते.

दुसरा प्रश्न अन्नाचा. कोरड्या खाद्यात एक टक्का स्फुरद आहे असे धरले, तर १० ग्रॅम खाद्यातून ०.१ ग्रॅम स्फुरद, म्हणजेच सुमारे ०.३ ग्रॅम फॉस्फेट मिळते. ४०० लिटरच्या टाकीत ते सगळे विरघळले, तर लिटरला सुमारे ०.७५ मिलिग्रॅम होते. नैसर्गिक पातळीच्या पंचवीसपट! मूठभर खाद्याची किंमत एवढी असते.

पाणी बदलणे हा पहिला उपाय, मात्र त्याचे गणित समजून घ्यायला हवे. आठवड्याला नायट्रेट २ मिलिग्रॅमने वाढत असेल आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले, तर पातळी शून्यावर येत नाही; ती २० मिलिग्रॅमच्या जवळ जाऊन स्थिरावते. कारण २० च्या १० टक्के म्हणजे २. जेवढे वाढते तेवढेच निघते. पातळी आणखी खाली हवी असेल, तर आवक घटवावी लागते किंवा निर्गमनाच्या आणखी वाटा काढाव्या लागतात.

अशा वाटा अनेक आहेत. प्रोटीन स्किमर हवेच्या बुडबुड्यांनी सेंद्रिय द्रव्ये कुजण्याआधीच फेसाच्या रूपाने बाहेर काढतो. सच्छिद्र खडक व वाळूचा खोल थर प्राणवायूविरहित जागा पुरवतो. जाँ जोबेर यांनी मोनॅको येथे १९८० च्या दशकात वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवून याच तत्त्वावर पद्धत विकसित केली. वेगळ्या कप्प्यात शेवाळ वाढवून ते वेळोवेळी तोडून टाकले, तर त्याबरोबर दोन्ही क्षार बाहेर जातात. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे फॉस्फेट शोषतात. व्हिनेगर वा अल्कोहोल अल्प प्रमाणात घातल्यास सूक्ष्मजीव वाढून क्षार वापरतात व स्किमर त्यांना काढून टाकतो. मात्र मात्रा जास्त झाली, तर पाणी गढूळ होऊन प्राणवायू घटतो आणि एका रात्रीत मासे दगावू शकतात.

घाई हा या छंदातील मोठा शत्रू आहे. फॉस्फेट शोषक एकदम भरपूर घातले, तर पाणी स्वच्छ होते, परंतु प्रवाळांना अचानक उपासमार सोसावी लागते. शिवाय खडकात साचलेले फॉस्फेट हळूहळू पुन्हा पाण्यात उतरते आणि मोजणी पुन्हा चढते. त्यामुळे आठवडे-महिन्यांच्या हिशेबाने, नियमित चाचणी करीत पातळी उतरवणे हिताचे.

भारतात या छंदाला कायद्याचीही चौकट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये कठीण प्रवाळांचा समावेश झाला. मालवणच्या वा अन्य भारतीय किनाऱ्यावरून त्यांचा तुकडा उचलणे हा गुन्हा ठरतो. काचेच्या टाकीत एक भित्ती तगवण्यासाठी किती आटापिटा करावा लागतो हे ज्याने अनुभवले, त्याला समुद्रातील भित्तीत सांडपाणी सोडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.