रात्री कोणाला उठवायचं, हे लिहून ठेवा

पश्चिम महाराष्ट्रात गावोगावची दूध संकलन केंद्रं सकाळी सहाच्या सुमारास उघडतात. किटल्या घेऊन रांग लागते, नमुना मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचे) आकडे स्क्रीनवर येतात, लिटर मोजले जातात आणि पावती निघते. त्याच वेळी ही नोंद मोबाईलच्या नेटवर्कवरून मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर जाऊन बसते. दर दहा दिवसांनी निघणारा दुधाचा पगार याच नोंदींवर ठरतो. मी पुण्यात राहून अशा काही दूध संघांच्या यंत्रणेची देखभाल करते. नोंदी पोचायच्या थांबल्या तर ते शेतकऱ्याच्या आधी मला कळलं पाहिजे. माझ्या कामाचं सार एवढंच.

भाड्याचा सर्व्हर म्हणजे क्लाउड. ॲमेझॉनने आपली क्लाउड सेवा मुंबईत २०१६ मध्ये सुरू केली. सर्व्हर आपल्या ताब्यातल्या खोलीत नसतो, त्यामुळे त्याचा पंखा गरगरतोय का, दिवा लाल झालाय का, हे पाहायला कोणी जाऊ शकत नाही. त्याची तब्येत आकड्यांवरूनच ओळखायची. त्यासाठी ॲमेझॉनची क्लाउडवॉच नावाची सेवा आहे, २००९ पासूनची. प्रोसेसरवर किती ताण आहे, दर मिनिटाला किती विनंत्या आल्या, त्यांतल्या किती फसल्या, डेटाबेसमध्ये किती जागा उरली, असे आकडे ती सतत गोळा करते. एखादा आकडा आपण ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की ती अलार्म वाजवते, म्हणजे मेल पाठवते किंवा फोन करणाऱ्या दुसऱ्या सेवेला निरोप देते.

ऐकायला हे सोपं आहे. पण एक अलार्म लावायचा तर बऱ्याच गोष्टी ठरवाव्या लागतात. कोणता आकडा बघायचा? किती वेळाच्या अंतराने? सरासरी धरायची, बेरीज की सर्वांत मोठा आकडा? मर्यादा किती? ती एकदा ओलांडली की लगेच ओरडायचं, की लागोपाठ तीनदा ओलांडल्यावर? आकडा आलाच नाही तर काय समजायचं? आणि शेवटी, कोणाला कळवायचं? यातलं प्रत्येक उत्तर म्हणजे एक निर्णय आहे आणि त्यामागे काहीतरी कारण असतं.

हे सगळं ब्राउझरमध्ये बटणं दाबूनही करता येतं, आणि बहुतेक ठिकाणी तसंच केलेलं असतं. एका संघाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा आधीच्या कंत्राटदाराने लावलेले अलार्म मी पाहिले. प्रोसेसरचा ताण ८० टक्क्यांवर गेला की मेल जाणार, असं एकावर होतं. मेल ज्याला जात होता तो माणूस नोकरी सोडून गेलेला होता. ८० का, ७० किंवा ९५ का नाही, हे सांगायला कोणीच नव्हतं. दुसऱ्या एका सर्व्हरवर तर अलार्मच नव्हता. तो मुद्दाम लावला नाही की लावायचा राहून गेला, हेही कळायला मार्ग नव्हता. बटणं दाबून घेतलेल्या निर्णयाचं कारण दाबणाऱ्याबरोबरच निघून जातं.

याला उपाय म्हणजे इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड. सर्व्हर, डेटाबेस, अलार्म, जे काही हवं ते सगळं साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून काढायचं आणि ती फाईल वाचून साधनाने प्रत्यक्ष मांडणी करायची. ॲमेझॉनचं स्वतःचं असं साधन, क्लाउडफॉर्मेशन, २०११ मध्ये आलं. हाशीकॉर्प या कंपनीचं टेराफॉर्म २०१४ मध्ये आलं आणि ते अनेक कंपन्यांच्या क्लाउडवर चालतं. २०२३ मध्ये हाशीकॉर्पने टेराफॉर्मचा परवाना बदलला, तेव्हा जुन्या खुल्या परवान्यावर ओपनटोफू ही वेगळी शाखा निघाली. आम्ही टेराफॉर्म वापरतो.

टेराफॉर्मची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे 'प्लॅन' ही आज्ञा. फाईलमध्ये काय लिहिलंय आणि क्लाउडवर प्रत्यक्षात काय आहे, यातला फरक ती ओळीओळीने दाखवते. नव्याने होणाऱ्या गोष्टीपुढे अधिकचं चिन्ह, पुसल्या जाणाऱ्या गोष्टीपुढे उण्याचं. तो वाचून पटला की मग 'अप्लाय'. तोवर काहीही बदलत नाही. मधल्या वेळात फाईल सहकाऱ्यांपुढे तपासायला जाते, आणि खरं मोल त्या तपासणीत आहे.

असाच एक अलार्म तपासणीला आला होता. सगळ्या केंद्रांकडून मिळून १५ मिनिटांत एकही नोंद आली नाही तर रात्रपाळीच्या किंवा दिवसपाळीच्या माणसाला फोन जावा, अशी त्याची रचना होती. आमच्याकडे नुकताच रुजू झालेला एक मुलगा सांगोल्याकडचा, घरी म्हशी. त्याने विचारलं, "ताई, दुपारी केंद्रं बंदच असतात. मग हा रोज दुपारी वाजणार ना?"

प्रश्न अगदी नेमका होता. म्हणून अलार्म फक्त संकलनाच्या वेळेत जागा ठेवायचं ठरलं. क्लाउडवॉचमध्ये आकड्यांवर सूत्रं लिहिता येतात. आकडा आला नाही तर त्या जागी शून्य धरायला एक सूत्र आहे, घड्याळातला तास ओळखायला दुसरं. मात्र ते घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचं असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आपले सकाळचे साडेसहा ते साडेआठ म्हणजे तिथले १ ते ३. संध्याकाळचे साडेपाच ते साडेसात म्हणजे १२ ते १४. सूत्रात तास म्हणून १, २, १२ आणि १३ आले. त्या वेळी नोंदींची बेरीज शून्य असेल तर धोका, एरवी सूत्राने एक निरुपद्रवी मोठा आकडा द्यायचा, म्हणजे अलार्म गप्प राहील.

तरी तो मुलगा थांबला नाही. "उन्हाळ्यात ऊन उतरल्याशिवाय धार काढत नाहीत. साडेपाचला केंद्रावर कोणी येत नाही." मग १२ काढला, संध्याकाळचा १३ तेवढा ठेवला. आणि फाईलमध्ये त्या ओळीच्या वर मराठीत कारण लिहिलं: उन्हाळ्यात संध्याकाळचं संकलन उशिरा सुरू होतं, म्हणून साडेसहाच्या आधी पाहू नये. उद्या आम्ही सगळे दुसरीकडे गेलो तरी येणाऱ्याला हे वाचता येईल. म्हशीच्या धारेची वेळ मुंबईतल्या सर्व्हरच्या अलार्ममध्ये उतरली, ती केवळ फाईल सगळ्यांना वाचता येत होती म्हणून.

आकडा आलाच नाही तर काय समजायचं, या प्रश्नावर मी प्रत्येक फाईलमध्ये अडून बसते. क्लाउडवॉचच्या अलार्मला तीन अवस्था असतात: ठीक, धोका आणि 'पुरेशी माहिती नाही'. आकडा गायब झाला तर चार पर्याय मिळतात. तो धोका धरा, ठीक धरा, आधीची अवस्था तशीच ठेवा, किंवा 'माहिती नाही' म्हणा. काहीच निवडलं नाही तर हा शेवटचा लागू होतो, आणि त्या अवस्थेसाठी वेगळा निरोप लावला नसेल तर कोणालाही काहीही कळत नाही. सरसकट एकच उत्तर इथे चालत नाही. फसलेल्या विनंत्या मोजणारा आकडा, एकही विनंती फसली नाही तर, येतच नाही. तिथे शांतता म्हणजे सगळं उत्तम. रोज रात्री बॅकअप झाल्याची खूण आली नाही, तर तीच शांतता धोक्याची. म्हणून आमच्याकडे आकडा न आल्यास काय धरायचं ही ओळ लिहिल्याशिवाय कोणतीही फाईल मंजूर होत नाही.

दुसरा मोठा प्रश्न म्हणजे, माणसाला कशासाठी उठवायचं. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगवर, म्हणजे यंत्रणा भरवशाने चालती ठेवण्याच्या कामावर, पुस्तक काढलं. त्यात चार खुणांवर नजर ठेवायला सांगितलंय: उत्तराला लागणारा वेळ, येणारी वर्दळ, चुका आणि यंत्रणा किती भरत आली आहे ते. माणसाला उठवायचं ते त्याने तातडीने काही करण्यासारखं असेल तरच, हाही त्यात आग्रह आहे. आमच्याकडे १०, २० आणि महिनाअखेरच्या रात्री दुधाची बिलं तयार होतात. त्या रात्री प्रोसेसर ९० टक्क्यांवर जातो, आणि जायलाच हवा, कारण काम चाललेलं असतं. त्यासाठी कोणाची झोप मोडायची गरज नाही. एका गावात वीज गेली म्हणून एकच केंद्र गप्प झालं, तर त्याचीही सकाळच्या यादीत नोंद पुरे. सगळी केंद्रं एकदम गप्प झाली तर मात्र फोन वाजलाच पाहिजे.

उत्तराच्या वेळेबाबत सरासरी फसवते. १०० जणांपैकी ९५ जणांना एका सेकंदात उत्तर मिळालं आणि ५ जण २० सेकंद ताटकळले, तर सरासरी दोन सेकंदांच्या आतच राहते. म्हणून आम्ही शंभरांतल्या सर्वांत रखडलेल्यांचा आकडा बघतो. ते पाच जणही रांगेतच उभे असतात आणि त्यांच्या मागे आणखी लोक.

लहानसहान तपशीलही फाईलमध्ये वाचनीय ठेवता येतात. ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेत उरलेली जागा बाइटमध्ये मोजतात. २० जीबीची मर्यादा द्यायची तर २१४७४८३६४८० लिहावं लागतं, आणि त्यात एक अंक चुकला तर नुसत्या नजरेला दिसणार नाही. म्हणून फाईलमध्ये आम्ही २० गुणिले १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ असंच लिहितो, गुणाकार यंत्र करतं. क्लाउडच्या अंदाजित बिलाचा आकडा ॲमेझॉन फक्त अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात देतं, त्यामुळे त्याचा अलार्मही तिथेच लावावा लागतो. फाईलमध्ये हे एकदा लिहून ठेवलं की लक्षात ठेवायची जबाबदारी कोणा एकावर राहत नाही. नवा संघ जोडला की यादीत त्याचं नाव घालायचं, बाकीच्यांना आहेत ते सगळे अलार्म त्यालाही लागतात.

रात्री घाईत कोणी बटणं दाबून एखादी मर्यादा बदलली, तर पुढच्या प्लॅनमध्ये तो फरक दिसतोच. मी त्याबद्दल कोणाला रागवत नाही. आणीबाणीत हात चालवावाच लागतो. सकाळी दोनच वाटा असतात: बदल योग्य असेल तर कारणासकट फाईलमध्ये घ्यायचा, नाहीतर जुनी मर्यादा परत आणायची.

पण फाईल कितीही नीट असली तरी निरोप पोचतोय याची खात्री ती देत नाही. गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून मुख्य डेटाबेसमधली माहिती पुसली गेली. नेहमीचे बॅकअप तपासले तर ते घेतलेच जात नव्हते, कारण बॅकअपचं साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हतं. बॅकअप फसल्याचे मेल यंत्रणा पाठवत होती, पण ते मेलच्या सुरक्षानियमांत बसत नसल्याने नाकारले जात होते. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. गिटलॅबने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं आणि आमच्या धंद्यातल्या प्रत्येकावर उपकार केले.

आमच्याकडेही ही फट असू शकते. टेराफॉर्म मेलचा पत्ता नोंदवतं, पण त्या पत्त्यावर आलेल्या दुव्यावर माणसाने होकार दिल्याशिवाय ॲमेझॉन एकही अलार्म तिकडे पाठवत नाही. फाईलमध्ये सगळं जागच्या जागी, प्लॅनमध्ये फरक शून्य, आणि मेल मात्र कधीच येणार नाही. यावर एकच इलाज, मुद्दाम वाजवून बघणं. क्लाउडवॉचमध्ये अलार्मची अवस्था हाताने तात्पुरती 'धोका' करता येते. नवा अलार्म लावला की आम्ही तो असा वाजवतो, आणि पाळीवरच्या माणसाने "फोन आला" असं लिहिल्यावरच काम पूर्ण धरतो.

हे लेखन अभियंत्यांपुरतं नाही. आज पतसंस्थेचे हिशेब, रुग्णालयाची नोंदणी, शाळेची फी, सोसायटीची वर्गणी असं बरंच काही कोणाच्या तरी भाड्याच्या सर्व्हरवर चालतं. तुम्ही अशा संस्थेच्या संचालक मंडळावर असाल, तर करार करताना सॉफ्टवेअर देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. काय बंद पडलं तर अलार्म वाजतो? तो कोणाला जातो? शेवटचा मुद्दाम वाजवून कधी पाहिला? आणि उत्तरं तोंडी घेऊ नका, फाईल दाखवायला सांगा. त्यातलं सगळं तुम्हाला समजणार नाही, पण मर्यादेच्या वर कारण लिहिलंय का, हे नक्की वाचता येईल. जिथे कारण लिहिलेलं आहे, तिथे त्या आकड्याचा कोणीतरी विचार केला आहे. करार करायचा तर अशांशीच करा.